ठरलेल्या दिवशी धावणारी

महिलांच्या 100 मीटर शर्यतीचा जागतिक विक्रम 10.49 सेकंदांचा आहे. अमेरिकेच्या फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरने तो 1988 साली इंडियानापोलिसला केला आणि तेव्हापासून त्याच्याबद्दलची कुजबुज थांबलेली नाही. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला 2 मीटरपेक्षा जोराचा असेल, तर विक्रम धरायचा नाही असा नियम आहे. त्या शर्यतीत वारामापक यंत्राने आकडा दाखवला शून्य. त्याच सुमारास शेजारी तिहेरी उडी चालू होती, तिथल्या यंत्रावर मात्र वारा 4 मीटरच्या वर होता. यंत्र बिघडलं होतं असं मानणारे जाणकार पुष्कळ आहेत, पण विक्रम पुस्तकात नोंदला गेला तो गेलाच. सर्वकालीन यादीत दुसरी आहे जमैकाची इलेन थॉम्पसन-हेरा, 10.54. तिसरी जमैकाचीच शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस, 10.60.

म्हणजे घड्याळाच्या हिशेबात शेली-अ‍ॅन तिसरी. जागतिक विक्रम तिच्या नावावर कधीच लागला नाही. तरीही 100 मीटरची सर्वांत थोर धावपटू कोण, असा वाद निघाला तर मी तिच्याच बाजूने उभा राहीन. विक्रमाला मुहूर्त लागत नाही. उन्हाळ्यातली एखादी उबदार संध्याकाळ, पाठीवर मोजका वारा, चांगला ट्रॅक आणि अंगात आलेली लय एवढं जमून आलं की काम होतं; नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी प्रयत्न करता येतो. ऑलिंपिकच्या किंवा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीची तारीख आणि वेळ मात्र कितीतरी आधी ठरलेली असते. त्या दिवशी वारा तोंडावर असो की पायाचा अंगठा ठणकत असो, धावायला लागतं. अशा ठरलेल्या दिवशी शेली-अ‍ॅन 100 मीटरमध्ये सात वेळा जगात पहिली आली: ऑलिंपिकमध्ये 2008 आणि 2012, जागतिक स्पर्धेत 2009, 2013, 2015, 2019 आणि 2022. धावण्याच्या एकाच प्रकारात पाच जागतिक विजेतेपदं मिळवणारी ती पहिली स्प्रिंटर. उसेन बोल्टलाही 200 मीटरमध्ये चारवरच थांबावं लागलं.

तिची उंची पाच फूट, फार तर बोटभर कमी-जास्त.

किंग्स्टन म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटवेड्यांना सबाइना पार्क आठवतं. 1971 च्या फेब्रुवारीत मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी तिथे 212 धावा काढल्या आणि वेस्ट इंडिजमधल्या भारताच्या पहिल्या मालिकाविजयाला तिथून तोंड फुटलं. त्याच शहरातली वॉटरहाउस ही गरिबांची वस्ती. रेगे संगीताच्या इतिहासात तिला मानाचं पान आहे, कारण किंग टबी या ध्वनिमुद्रकाचा स्टुडिओ इथलाच. वर्तमानपत्रांत मात्र वॉटरहाउसचं नाव बहुधा गोळीबाराच्या बातम्यांतच यायचं. 27 डिसेंबर 1986 रोजी जन्मलेली शेली-अ‍ॅन या वस्तीत, एका दाटीवाटीच्या चाळवजा आवारात, दोन भावांबरोबर वाढली. आई मॅक्सीन सिम्पसन रस्त्यावर माल विकून घर चालवायच्या. एकेकाळी त्याही धावायच्या. मुलगी प्राथमिक शाळेत अनवाणीच धावू लागली.

यापुढची गोष्ट एकट्या मुलीच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि जिद्द होतीच. पण जिद्दी मुली सगळ्याच देशांत असतात. जमैकात त्या जिद्दीला वाट करून देणारी एक व्यवस्था आहे, तिच्याकडे पाहिल्याशिवाय शेली-अ‍ॅन समजणार नाही.

हा देश आकाराने आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा लहान, लोकसंख्या तीस लाखांच्या आत. दर वर्षी मार्चअखेरीस किंग्स्टनच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये शालेय मैदानी स्पर्धा भरतात. सगळा देश त्यांना ‘चॅम्प्स’ म्हणतो. 1910 साली मुलांसाठी त्या सुरू झाल्या. मुलींच्या स्पर्धा पुढे वेगळ्या भरू लागल्या आणि 1999 पासून दोन्ही एकत्र होतात. स्टेडियम खचाखच भरतं, टीव्हीवर थेट प्रक्षेपण होतं, माजी विद्यार्थी आपापल्या शाळेचे रंग अंगावर घेऊन घसा बसेपर्यंत ओरडतात. 1911 साली याच स्पर्धेत नॉर्मन मॅन्ले नावाचा मुलगा 100 यार्ड 10 सेकंदांत धावला होता. पुढे तो देशाच्या स्वातंत्र्याचा एक शिल्पकार झाला. त्याचा विक्रम मात्र चाळीसेक वर्षं कुणाला मोडता आला नाही. अशी परंपरा असली की वेगाने धावणारं पोर कुणाच्या नजरेतून सुटत नाही. त्यात 1980 साली क्युबाच्या सरकारने जमैकाला एक क्रीडा महाविद्यालय बांधून दिलं, जी. सी. फॉस्टर कॉलेज. तिथून तयार झालेले प्रशिक्षक खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत पोहोचले. जमैकन लोक वेगाने का धावतात याचं उत्तर कुणी रताळ्यासारख्या यॅम या कंदात शोधतं, तर कुणी जनुकांत. मला स्वतःला चॅम्प्स आणि फॉस्टर कॉलेज ही दोन उत्तरं जास्त पटतात.

शेली-अ‍ॅन वोल्मर्स या 1729 साली स्थापन झालेल्या नामांकित शाळेत गेली. वॉटरहाउसच्या मुलीला ती शाळा परवडणारी नव्हती. शाळेच्या माजी विद्यार्थिनींपैकी एकीने तिच्या फीचा आणि पुस्तकांचा भार उचलला. शाळेत ती वेगवान होती, पण पुढे ही जग जिंकेल असं म्हणण्याइतकी नव्हे. चॅम्प्स गाजवणाऱ्या कितीतरी मुली विशीतच विझून जातात. हिचं नेमकं उलटं झालं.

पूर्वी चांगल्या जमैकन धावपटूला एकच रस्ता माहीत असायचा: शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेतलं विद्यापीठ गाठायचं. तिथे वर्षभर कॉलेजसाठी पळून पळून पोरं थकून जायची. स्टीफन फ्रान्सिस या गृहस्थांना हे खटकत होतं. ते एमबीए झालेले, धिप्पाड देहाचे, स्वतः कधी नावाजलेले धावपटू नव्हते. 1999 साली त्यांनी काही साथीदारांसह किंग्स्टनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात एमव्हीपी नावाचा क्लब काढला. गवताचा ट्रॅक, पहाटेचा सराव, जेमतेम साधनं. बड्या नावांच्या मागे न लागता दुसऱ्या फळीतली मुलं घ्यायची आणि त्यांना धावायला नव्याने शिकवायचं, ही त्यांची पद्धत. असाफा पॉवेल याच गवतावर धावून पुरुषांचा जागतिक विक्रमवीर झाला. शेली-अ‍ॅन बालक आणि किशोरवयीन विकास हा विषय शिकायला त्या विद्यापीठात आली आणि फ्रान्सिस यांच्या हाताखाली गेली.

2007 साली तिची 100 मीटरची सर्वोत्तम वेळ 11.31 होती. एका वर्षाने ती अर्ध्या सेकंदाहून अधिक खाली आली. अकरा सेकंदांच्या शर्यतीत अर्धा सेकंद म्हणजे जवळजवळ पाच मीटर.

2008 च्या जूनमध्ये जमैकाच्या निवड चाचणीत ती 10.85 सेकंदांत दुसरी आली. पहिली केरॉन स्टुअर्ट, तिसरी शेरोन सिम्पसन. चौथ्या क्रमांकावर, शेली-अ‍ॅनपेक्षा अवघ्या तीन शतांश सेकंदांनी मागे राहिली व्हेरोनिका कॅम्पबेल-ब्राउन, आदल्याच वर्षीची जगज्जेती. नियम साधा होता: पहिल्या तिघी बीजिंग ऑलिंपिकला जाणार. पण देशभर चर्चा सुरू झाली की कुणाही ऐऱ्यागैऱ्या पोरीपेक्षा जगज्जेतीला पाठवा, त्या फ्रेझरने जागा सोडावी. फ्रान्सिस यांनी ठाम नकार दिला. आपल्याकडे निवड समितीच्या बैठकांत असल्या प्रसंगी काय होतं हे वाचकांना सांगायला नको. जमैकात चाचणीचा निकाल प्रमाण मानला गेला.

17 ऑगस्टच्या त्या संध्याकाळी बीजिंगच्या ‘पक्ष्याचं घरटं’ म्हणवणाऱ्या स्टेडियममध्ये काय झालं हे समजायला आधी मेरलीन ओटी आठवावी लागते. ओटी ही जमैकाची पहिली मोठी धावपटू. तिची ऑलिंपिक पदकं नऊ, त्यात सुवर्ण एकही नाही. 1993 च्या जागतिक स्पर्धेत ती आणि अमेरिकेची गेल डेव्हर्स दोघींची वेळ 10.82, फोटो पाहून सुवर्ण डेव्हर्सला दिलं. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पुन्हा दोघी 10.94, पुन्हा फोटो, पुन्हा डेव्हर्स. 1984 साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं कांस्य शतांश सेकंदाने गेलं, ती चुटपुट आपण अजून विसरलेलो नाही. ओटीच्या वाट्याला तर तेवढा शतांशही आला नाही. वेळ तीच आणि पदक खालचं. बारा वर्षांनंतरही जमैकाच्या एकाही महिलेने 100 मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेलं नव्हतं.

आदल्या रात्री बोल्टने 9.69 ची वेळ देऊन जग हलवून सोडलं होतं. महिलांच्या शर्यतीत जमैकाच्या तिघी अंतिम फेरीत. बंदूक झाली, आणि शर्यत निम्मी व्हायच्या आत शेली-अ‍ॅन एकटी पुढे होती. 10.78. मागे स्टुअर्ट आणि सिम्पसन दोघी 10.98, फोटोतही वेगळ्या काढता येईनात म्हणून दोघींना रौप्य. कांस्यपदक कुणालाच दिलं नाही. पहिली आणि दुसरी यांत दोन दशांश सेकंदांचं अंतर. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत एवढं अंतर क्वचितच पडतं. रेषा ओलांडल्यावर दातांना तारा लावलेली ती एकवीस वर्षांची मुलगी लहान पोरीसारखी उड्या मारत सुटली. वॉटरहाउसमधल्या एका मुलीने असं करावं हे तिच्या देशालाही पचायला थोडा वेळ लागला.

तिने हे नेमकं कसं केलं? त्यासाठी 100 मीटरच्या शर्यतीचे तुकडे करून पाहायला हवेत.

टीव्हीवर पाहताना वाटतं की शेवटी पुढे सरसावणारी धावपटू वेग वाढवते आहे. तसं कधीच होत नाही. जगातली कोणतीही धावपटू साधारण 50 ते 60 मीटरपर्यंत वेग वाढवत जाते, तिथे काही क्षण टिकते आणि मग सगळ्यांचाच वेग उतरायला लागतो. शेवटच्या वीस मीटरमध्ये जी कमी मंदावते ती आपल्याला वेगवान भासते. उंच धावपटूंची लांब ढांग तिथे कामाला येते. बुटक्या धावपटूला ती सोय नाही. शंभर मीटरमध्ये बोल्टची 41 पावलं व्हायची. शेली-अ‍ॅनला पन्नाशीच्या आसपास टाकावी लागत. म्हणजे तिला जे काही मिळवायचं ते आधीच मिळवून ठेवायला हवं.

स्टार्टिंग ब्लॉकमध्ये धावपटू वाकून बसलेली असते. आवाज झाल्यापासून 0.100 सेकंदाच्या आत हालचाल झाली तर ती चुकीची सुरुवात धरतात, कारण माणसाच्या मेंदूला आवाज ऐकून पायाला हुकूम द्यायला तेवढा वेळ लागतोच असं गृहीत आहे. 2010 पासून नियम आणखी कडक झाला: एक चूक आणि बाहेर. सुटल्यावर पहिली काही पावलं शरीर जमिनीकडे कललेलं असतं, पाय ट्रॅकला मागे ढकलत असतात. या वेळी पाय जमिनीवर जवळजवळ एकपंचमांश सेकंद टेकतो. पूर्ण वेगात असताना एकदशांशाहून कमी. उंच धावपटूला आपला लांबलचक देह उलगडून उभा करायलाच वेळ जातो. शेली-अ‍ॅनचे आखूड, दणकट पाय शिलाई यंत्राच्या सुईसारखे चालत आणि तीस मीटरला इतरजणी मान वर करून पाहतात तोवर हिची पाठ दिसायला लागलेली असे. ‘पॉकेट रॉकेट’ हे टोपणनाव तिला उगाच मिळालेलं नाही. पण निव्वळ सुरुवातीच्या बळावर 60 मीटरची शर्यत जिंकता येते. 100 मीटरसाठी मिळवलेली आघाडी शेवटपर्यंत राखावी लागते. खांदे वर न चढवता, जबडा न आवळता, ढांग उगाच न ताणता पळत राहणं हे फ्रान्सिस यांच्या गवतावर वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं काम होतं. तिची शर्यत सावकाश गतीत पाहिली तर शेवटच्या टप्प्यातही गाल सैल हलताना दिसतात.

2009 साली बर्लिनला तिने 10.73 मध्ये जागतिक सुवर्ण घेतलं आणि ओटीचा 10.74 हा राष्ट्रीय विक्रम एका शतांशाने मोडला. बीजिंग हा नशिबाचा खेळ होता म्हणणारे तेव्हा गप्प झाले.

मग दाताने घात केला. 2010 च्या मे महिन्यात शांघायच्या स्पर्धेत तिच्या चाचणीत ऑक्सिकोडोन सापडलं. दातदुखीसाठी तिने हे वेदनाशामक घेतलं होतं, प्रशिक्षकांकडून मिळालेलं. ते घेतल्याची नोंद फॉर्मवर केली नव्हती. सहा महिन्यांची बंदी आली. या औषधाने कुणी वेगाने धावत नाही, हे खरं. पण शरीरात काय जातं याची जबाबदारी खेळाडूची, हा नियमही खराच, आणि तिने ती नाकारली नाही. तिच्या चाहत्यांनी हा प्रसंग झाकून ठेवू नये आणि टीकाकारांनी त्याचा बाऊ करू नये, एवढंच मी म्हणेन. जमैकाच्या धावपटूंवर पुढे 2013 मध्ये उत्तेजकांच्या प्रकरणांचं मोठं सावट आलं. असाफा पॉवेल, शेरोन सिम्पसन, कॅम्पबेल-ब्राउन अशी नावं त्यात आली आणि देशातल्या चाचणी यंत्रणेचा ढिसाळपणा चव्हाट्यावर आला. आमच्या बाजूने बोलायला आमची संघटना पुढे येत नसेल तर आम्ही धावणार नाही, असा इशारा तेव्हा शेली-अ‍ॅननेच दिला होता.

2011 च्या सुरुवातीला जेसन प्राइसशी लग्न झालं आणि नाव लांबलं. त्या वर्षी देगूच्या जागतिक स्पर्धेत ती चौथी. पण ऑलिंपिक वर्ष उजाडलं तशी ती पुन्हा उभी राहिली. लंडनला 10.75, अमेरिकेची कार्मेलिटा जेटर तीन शतांशांनी मागे. 100 मीटरचं सुवर्ण सलग दोनदा जिंकणारी ती वायोमिया टायस आणि गेल डेव्हर्स यांच्यानंतरची तिसरी महिला. त्याच वर्षी तिने विद्यापीठाची पदवीही पुरी केली.

2013 साली मॉस्कोत तिने 100 मीटर, 200 मीटर आणि रिले अशी तिन्ही सुवर्णं घेतली. जागतिक स्पर्धेत हे आधी कोणत्याही महिलेला जमलं नव्हतं. 200 मीटर हा तिचा हातखंडा प्रकार नव्हे. वळणावर पळताना छोटी उंची उपयोगी पडते, पण सरळ मार्गावर येताच लांब टांगांच्या मुली गाठायला लागतात. तिथेही तिने 22.17 मध्ये बाजी मारली. पुढच्या मार्चमध्ये पोलंडला इनडोअर 60 मीटरही 6.98 मध्ये जिंकली. म्हणजे एकाच वेळी 60, 100, 200 आणि रिले या चारही प्रकारांची जगज्जेती. 2015 मध्ये पुन्हा बीजिंग, पुन्हा तेच घरटं, 10.76.

तिच्या केसांबद्दल लिहिलं नाही तर वाचक रागावतील. मॉस्कोत गुलाबी, बीजिंगला हिरवे आणि त्यात फुलं, रिओत देशाच्या झेंड्याचे हिरवे-पिवळे, दोहात इंद्रधनुष्याचे सगळे. किंग्स्टनमध्ये तिने केशभूषेचं दुकानही काढलं होतं. धावपटूने गंभीर चेहऱ्याने, आवरून-सावरून राहावं अशी अपेक्षा करणाऱ्यांना तिने कधी भीक घातली नाही.

रिओला तिसरं सुवर्ण मिळालं असतं तर सलग तीन ऑलिंपिकमध्ये एकच शर्यत जिंकणारी ती पहिली महिला स्प्रिंटर ठरली असती. पण 2016 चं सगळं वर्ष अंगठ्याने खाल्लं. ब्लॉकमधून सुटताना सगळा भार ज्या बोटांवर येतो तीच दुखत होती. ती 10.86 मध्ये तिसरी आली. जिंकली तिच्याच क्लबमधली, तिच्याच प्रशिक्षकाची इलेन थॉम्पसन (पुढची थॉम्पसन-हेरा), 10.71. मला विचाराल तर तिच्या सगळ्या शर्यतींत हे कांस्य सर्वांत अवघड असावं.

2017 च्या ऑगस्टमध्ये लंडनला जागतिक स्पर्धा चालू असतानाच, 7 तारखेला किंग्स्टनमध्ये तिचा मुलगा झायन जन्मला. सिझेरियन करावं लागलं. वय तीस. धावण्याच्या जगात हे वाक्य बहुतेक वेळा पूर्णविरामासारखं वाचलं जायचं. ब्लॉकमधून उसळी घेताना कंबरेखालचं बळ वरच्या शरीरापर्यंत पोहोचवतात ते पोटाचे स्नायू, आणि शस्त्रक्रियेची वाट नेमकी तिथूनच गेलेली. प्रायोजकांची गोष्ट तर वेगळीच. 2019 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अ‍ॅलिसन फेलिक्सने जाहीरपणे लिहिलं की आई झाल्यावर बूट बनवणाऱ्या नामांकित कंपनीने तिला पूर्वीपेक्षा कितीतरी कमी रक्कम देऊ केली. त्यावर बराच गदारोळ झाला आणि कंपन्यांना बाळंतपणाबाबतची धोरणं बदलावी लागली.

29 सप्टेंबर 2019. दोहाचं खलिफा स्टेडियम. वातानुकूलित मैदान, डोळे दिपवणारा प्रकाशाचा खेळ आणि रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा. जगातली सर्वांत वेगवान महिला ठरणार होती आणि बघायला माणसं नव्हती. बंदूक झाली. पहिल्या तीस मीटरमध्येच शर्यत संपली म्हणायला हरकत नाही. इंद्रधनुषी केस पुढे आणि बाकीच्या त्यांच्यामागे. 10.71. ब्रिटनची दिना अ‍ॅशर-स्मिथ 10.83 मध्ये दुसरी. मग दोन वर्षांच्या झायनला कडेवर घेऊन ती त्या रिकाम्या स्टेडियमला फेरी मारत राहिली. मुलाला काही कळत नव्हतं, तो टकामका बघत होता. त्याच संध्याकाळी त्याच ट्रॅकवर अ‍ॅलिसन फेलिक्सनेही मिश्र रिलेत सुवर्ण जिंकलं. तिची मुलगी तेव्हा दहा महिन्यांची. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोन मुलांची आई असलेल्या हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएनने चार सुवर्णं घेतली होती, तेव्हा तिलाही आता वय झालं, घरी बसा असं सांगणारे भेटले होते. सत्तर वर्षांत सल्ला काही बदलला नव्हता.

यानंतर घडलं त्याला तोड नाही. स्प्रिंटर तिशी ओलांडली की वेळ शतांशा-शतांशाने वाढत जाते. शेली-अ‍ॅनची घटत गेली. फ्रान्सिस यांचा क्लब सोडून ती रेनाल्डो वॉलकॉट या तरुण प्रशिक्षकाकडे गेली. जून 2021 मध्ये किंग्स्टनला 10.63, ऑगस्टमध्ये लोझानला 10.60. टोकियोला मात्र थॉम्पसन-हेराने 10.61 चा ऑलिंपिक विक्रम केला आणि शेली-अ‍ॅनला 10.74 मध्ये रौप्य मिळालं. शेरिका जॅक्सन तिसरी; तिघीही जमैकाच्या. रिलेचं सुवर्ण मात्र तिघींनी ब्रियाना विल्यम्सला घेऊन मिळून आणलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 2021 च्या सुमारास स्पाइक्स बदलले. तळव्यात कार्बनची ताठ पट्टी, तिच्याभोवती हलका, उसळी देणारा फेस आणि पुढच्या भागात हवेची उशी असे बूट आले. सगळ्याच धावपटूंच्या वेळा एकदम सुधारल्या त्यात या बुटांचा वाटा आहेच. किती, यावर एकमत नाही. म्हणून 2009 ची 10.73 आणि 2021 ची 10.60 शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. पण अंतिम फेरीत आठही जणी त्याच काळातले बूट घालून उभ्या असतात. तिथे पहिली येणारी पहिलीच.

2022 मध्ये यूजीनच्या जागतिक स्पर्धेत ती 10.67 मध्ये पहिली आली, स्पर्धेच्या विक्रमासह. वय पस्तीस. 100 मीटरला एवढी वयस्कर जगज्जेती कधी झाली नव्हती. शेरिका जॅक्सन दुसरी, थॉम्पसन-हेरा तिसरी. त्या एका मोसमात ती सात वेळा 10.70 च्या आत धावली: नैरोबी, पॅरिस, यूजीन, पोलंड, हंगेरी, मोनॅको, झुरिक. भल्याभल्या जगज्जेत्यांना आख्ख्या कारकिर्दीत हे एकदाही जमत नाही. त्या कामगिरीबद्दल तिला लॉरियस पुरस्कार मिळाला.

पुढच्या वर्षी झायनच्या शाळेच्या क्रीडादिनी पालकांची शर्यत होती. तीत ती उतरली आणि बाकीच्या आयांना कोसभर मागे टाकून मोकळी झाली. ती चित्रफीत जगभर फिरली. तिने थोडं दमाने घ्यायला हवं होतं असं काहींचं म्हणणं पडलं. मला नाही तसं वाटत.

शरीराने मग हिशेब मागायला सुरुवात केली. 2023 ला बुडापेस्टमध्ये कांस्य. 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पहिली फेरी पार केली आणि उपांत्य फेरीआधी दुखापतीमुळे माघार घ्यावी लागली. तिथेच थांबली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण 2025 च्या जमैकाच्या चाचणीत ती तिसरी आली, म्हणजे अडतिसाव्या वर्षीही संघातली जागा तिने धावूनच मिळवली. टोकियोच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत 11.03, सहावा क्रमांक. सुवर्ण गेलं अमेरिकेच्या मेलिसा जेफरसन-वूडनकडे, 10.61 मध्ये. आठवड्याभराने रिलेत तिने पहिला टप्पा धावून बॅटन पुढे दिला. तिच्या संघातल्या टिया आणि टीना क्लेटन या जुळ्या बहिणी, बीजिंगचं तिचं पहिलं सुवर्ण झालं तेव्हा चार वर्षांच्या होत्या. अमेरिका जेमतेम पुढे राहिली आणि जमैकाला रौप्य मिळालं.

ही तिची शेवटची शर्यत. ऑलिंपिकची आठ पदकं, त्यांतली तीन सुवर्ण. जागतिक स्पर्धेची सतरा, त्यांतली दहा सुवर्ण. 2013 साली तिने स्वतःच्या टोपणनावाने एक संस्था काढली. धावण्यात हुशार पण फी भरायची ऐपत नसलेल्या शाळकरी मुलामुलींना ती शिष्यवृत्त्या देते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी वोल्मर्स शाळेत तिची फी अशीच दुसऱ्या कुणीतरी भरली होती.